फ्यूज सारखा का उडतो? जुन्या गाडीतला शॉट शोधण्याची रीत

मागच्या जूनमध्ये नागपुरात वर्धा रोडवर, अजनी चौकाच्या सिग्नलला माझी गाडी बंद पडली. उजवा इंडिकेटर टिकटिक करत होता. सिग्नल हिरवा झाला, पहिला गिअर टाकून मी क्लच सोडायला लागलो आणि ती टिकटिक मध्येच थांबली, पाठोपाठ इंजिनही. दोघातिघांनी ढकलून गाडी कडेला लावून दिली. फ्यूजबॉक्सचं झाकण काढून निळा, १५ अँपिअरचा फ्यूज उपसला आणि उजेडाकडे धरला. आतली पट्टी तुटलेली, आणि प्लास्टिकच्या आतल्या अंगाला काळपट चंदेरी डाग बसलेला. खणातून नवा फ्यूज काढून लावला, गाडी सुरू झाली, घरी पोहोचलो. आठवड्यातला हा तिसरा फ्यूज होता.

गाडी १९९६ सालची, कार्ब्युरेटरवाली, वडिलांनी घेतलेली. पुढचे तीन आठवडे मी जे केलं तेच बहुतेक जण करतात. एका गॅरेजमध्ये इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारं वेटोळं) बदलली. फ्यूज उडतच राहिला. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, पूर्ण वायरिंग सेट बदलावा लागेल, आठ दिवस गाडी ठेवून जा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ती गत होती. शेवटी इमामवाड्यातल्या एका जुन्या वायरमन काकांकडे गेलो. त्यांनी बोनेटला हातसुद्धा लावला नाही. आधी एकच गोष्ट विचारली.

"केव्हा उडून राहिला भाऊ फ्यूज? ते सांगा आधी."

मी म्हटलं, "काका, केव्हाही उडतो. काही नेमच नाही."

"नेम असतेच. आठवून पहा."

त्या दिवशी त्यांच्याकडून जे शिकलो आणि नंतर स्वतः वाचून, मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट, रोध मोजायचं यंत्र) हातात धरून जे पडताळलं, ते इथे लिहितो आहे. आपल्याकडे वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या घराघरांत जपलेल्या आहेत आणि त्यांच्यातला हा बिघाड माणसाला फार दमवतो. गाडी धड बंदही पडत नाही, धड चालतही नाही.

आधी फ्यूज का उडतो ते बघू. घरात बोर्डापासून पंख्यापर्यंत दोन वायरी जातात, एकीने करंट जातो आणि दुसरीने परततो. गाडीत ही परतीची वायर बहुतेक ठिकाणी नसतेच. बॅटरीचा निगेटिव्ह थेट बॉडीला आवळलेला असतो, त्यामुळे अख्खा पत्रा, इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून परतीचा रस्ता होतो. बल्ब असो की मोटर, त्यांना पॉझिटिव्हची एक वायर पुरते. हे स्वस्त आणि सुटसुटीत आहे, पण यातच सगळी मेख आहे. पॉझिटिव्ह वायरीचं आवरण एका जागी जरी सोललं आणि उघडं तांबं पत्र्याला टेकलं, तरी करंट बल्बात किंवा मोटरमध्ये न जाता तिथूनच परत फिरतो. गॅरेजच्या भाषेत याला शॉट म्हणतात.

आता थोडे आकडे. १२ व्होल्टवर ३ ओहमची कॉइल ४ अँपिअर खाते. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर खातो. १५ अँपिअर वाहायचे तर वाटेतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ०.८ ओहमपर्यंत खाली यावा लागतो. हा ०.८ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. उघड्या तांब्याने पत्र्याला स्पर्श केला की रोध याहूनही कितीतरी खाली जातो आणि छोट्या गाडीची बॅटरीसुद्धा शेकडो अँपिअर ओतायला लागते. तेवढ्या करंटने वायर लाल व्हायच्या आत फ्यूजमधली पट्टी वितळते. फ्यूजचं काम तेवढंच. तो राखण करतो ती वायरीची.

म्हणूनच १५ च्या जागी ३० चा फ्यूज लावणं ही या सगळ्यातली सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. १५ अँपिअरसाठी घातलेल्या वायरीतून ३० वाहू दिले तर वितळायला सर्वांत कमकुवत जागा मग फ्यूजमध्ये राहत नाही, ती डॅशबोर्डमागच्या वायरींच्या जुडग्यात जाते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावलेले फ्यूज मी पाहिले आहेत. 'मोठा फ्यूज टाकून बघू, धूर कुठून निघते ते' अशी तपासणीची पद्धतही पाहिली आहे. असं कुणी सुचवलं तर गाडी तिथून घेऊन निघा. एक वायर जळाली की शेजारच्या चार वायरींचं आवरण वितळतं आणि मग खरोखरच पूर्ण सेट बदलावा लागतो.

जुनी अ‍ॅम्बॅसेडर किंवा मॉरिस घराण्यातली दुसरी कुठली गाडी असेल तर इथे एक खास सापळा आहे. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत काचेच्या फ्यूजवर लिहिलेला ३५ हा आकडा 'इतक्याला उडेल' असा होता. सतत वाहायची त्याची मर्यादा १७ अँपिअर असे. आजच्या फ्यूजवरचा आकडा सतत वाहायच्या मर्यादेचा असतो. म्हणजे जुन्या ३५ च्या जागी बाजारातला नवा ३५ चा फ्यूज बसवला तर राखण निम्मीच उरते.

उडालेला फ्यूज फेकू नका

उडालेला फ्यूज उजेडात नीट पाहिला की बरंच काही कळतं. काच किंवा प्लास्टिक आतून काळं-चंदेरी झालं असेल, पट्टीचा मधला भाग गायबच असेल, तर खूप मोठा करंट एका झटक्यात गेला आहे, म्हणजे थेट शॉट. काच स्वच्छ आहे आणि पट्टी मधोमध मऊ होऊन हळूच तुटल्यासारखी दिसते, तर फ्यूज बराच वेळ थोड्याशा जादा करंटवर तापत होता. मर्यादेच्या दुप्पट करंट गेला तर फ्यूज साधारण ५ सेकंदांच्या आत उडतो, पण सव्वा-दीडपट असेल तर तो कित्येक मिनिटंही तग धरू शकतो. मग शोध पत्र्याला टेकलेल्या वायरीचा घ्यायचा नाही, जास्त खाणाऱ्या एखाद्या वस्तूचा घ्यायचा. घासत चाललेली मोटर, किंवा त्याच फ्यूजवरून नंतर कुणीतरी घेतलेला ज्यादा भार.

तिसरा प्रकार लोक हमखास विसरतात. पट्टी शाबूत, पण फ्यूजचा पाय किंवा टोपी काळवंडलेली आणि तिथलं प्लास्टिक पिघळलेलं. यात करंट बरोबरच असतो, फ्यूजबॉक्समधली क्लिप सैल झालेली असते. सैल जोडावर उष्णता तयार होते आणि ती फ्यूजला बाहेरून भाजते. इथे वायरिंग शोधत बसाल तर जन्मभर काही सापडणार नाही. क्लिप घासून स्वच्छ करून आवळायची, नाहीतर बदलायची.

माझा फ्यूज पहिल्या प्रकारचा होता. काकांनी तो उन्हाकडे धरला, मान हलवली आणि म्हणाले, "शॉट आहे, आणि चांगला दणकून आहे."

'इग्निशन'चा फ्यूज म्हणजे नेमका कशाचा?

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर 'आयजी' किंवा 'इग्निशन' लिहिलेलं पाहून माणूस सरळ कॉइलकडे धावतो. मीही धावलो. पण त्या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा 'किल्ली ऑन केल्यावर ज्यांना करंट मिळतो ती मंडळी' एवढाच असतो. एका गाडीत त्यावर डॅशबोर्डवरचे मीटर, इंडिकेटर, रिव्हर्स लाइट आणि वायपर असतात. दुसरीत अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) फील्डची वायर असते. तिसरीत कार्ब्युरेटरवरचा पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, असतो. आणि गंमत म्हणजे कित्येक जुन्या गाड्यांत खुद्द कॉइल फ्यूजमधून जातच नाही. लुकासच्या रंगपद्धतीत किल्लीनंतरची बिनफ्यूजची वायर पांढरी आणि फ्यूजनंतरची हिरवी असते, आणि कॉइलला जाते ती पांढरी.

म्हणून पहिलं काम कागद-पेन घेऊन करायचं. फ्यूज काढून ठेवायचा, किल्ली ऑन करायची आणि गाडीतली एकेक गोष्ट चालवून पाहायची. जे जे बंद असेल ते लिहायचं. ही यादी म्हणजे त्या फ्यूजचं कुटुंब. माझ्या यादीत कॉइल, मीटर, इंडिकेटर, रिव्हर्स लाइट आणि अल्टरनेटरची एक वायर निघाली. नंतर कुणीतरी बसवलेला रिव्हर्सचा म्युझिक हॉर्नही त्याच यादीत होता.

याच वेळी आणखी एक गोष्ट पक्की होते. फ्यूज उडतो तेव्हा बिघाड नेहमी फ्यूजच्या पुढच्या बाजूला असतो. बॅटरी, किल्लीचा स्विच, फ्यूजपर्यंत येणारी वायर ही सगळी मागची बाजू, तिच्यातल्या शॉटने हा फ्यूज उडूच शकत नाही. किती लोकांनी या कारणासाठी इग्निशन स्विच बदलून घेतले असतील! अर्धी गाडी अशी एका विचाराने संशयातून सुटते.

केव्हा उडतो?

काकांचा प्रश्न इथे कामी येतो. त्यांनी मला पहिल्या आठवड्यातल्या तिन्ही वेळा एकेक करून आठवायला लावल्या. एकदा अजनी चौक, एकदा छत्रपती चौकातला सिग्नल, एकदा घरासमोरच्या चढावर गाडी काढताना. तिन्ही वेळा पहिला गिअर, तिन्ही वेळा क्लच सोडताना.

"मग इंजिन हलते तेव्हाच उडून राहिला ना तो," काका म्हणाले.

एवढ्यानेच शोध किती आवळला ते बघा. किल्ली ऑन करताक्षणी फ्यूज उडत असता तर शॉट कायमचा असता आणि उलट शोधायला सोपा. सेल्फ मारताना उडाला असता तरी इंजिनाच्या हादऱ्याकडेच बोट गेलं असतं. रिव्हर्स टाकल्यावरच उडाला असता तर रिव्हर्स स्विचनंतरची वायर, मागचा होल्डर किंवा तो म्युझिक हॉर्न. वायपर चालू केल्यावर उडाला असता तर वायपरची मोटर. उन्हाळाभर काचेला चिकटून बसलेला वायपर पहिल्या पावसात जागचा हलत नाही आणि अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खाते. खड्ड्यात उडत असता तर कुठेतरी लोंबणारी वायर. स्टिअरिंग वळवताना उडत असता तर कॉलमजवळचं जुडगं. आणि वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावरच उडत असता तर उष्णता, म्हणजे तापल्यावर आतून शॉट होणारी कॉइल किंवा एक्झॉस्टला टेकून मऊ झालेली वायर. वेळ, गिअर, रस्ता, पाऊस होता का, काय काय चालू होतं हे आठवडाभर मोबाइलमध्ये टिपून ठेवलंत तर वायरमनचे चार तास वाचतील, आणि तुमचे पैसेही.

बल्ब

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची वस्तू. काकांनी पेटीतून एक बल्ब काढला. इंडिकेटरचा साधा २१ वॅटचा, होल्डरसकट, त्याला हातभर लांबीच्या दोन वायरी आणि त्या वायरींच्या टोकांना एका उडालेल्या फ्यूजचे दोन पाय सोल्डर केलेले. तो उडालेला फ्यूज त्यांनी फ्यूजच्या जागी खोचला. बल्ब बोनेटवर ठेवला.

युक्ती अशी. फ्यूजच्या जागी बल्ब लावला की शॉट कितीही जबर असला तरी त्या वाटेने पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त जाऊच शकत नाही. वायर तापत नाही, फ्यूज वाया जात नाही आणि शॉट झाला की तो डोळ्यांना दिसतो, कारण बल्ब पूर्ण तेजाने पेटतो. तासभर वायरी हलवत बसा, काही जळत नाही. दर वेळी नवा फ्यूज लावून तो उडाला की नाही हे पाहण्यापेक्षा हे किती सोयीचं आहे, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पण एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर बल्ब फसवतो. शॉट नसला तरी फ्यूजपुढच्या वस्तू करंट खातातच. कॉइल जोडलेली असेल तर ३ ओहमची कॉइल आणि जवळजवळ ७ ओहमचा पेटलेला बल्ब एकापाठोपाठ येतात आणि बल्ब बऱ्यापैकी उजळतो. नवखा माणूस लगेच 'शॉट सापडला' म्हणतो. यावर दोन उपाय आहेत. एक, किल्ली ऑन करण्याआधी यादीतल्या मोठ्या खादाड वस्तूंच्या वायरी सोडवून ठेवायच्या, सर्वांत आधी कॉइलची पॉझिटिव्ह, आणि तिचं टोक टेपने झाकायचं. दुसरा, बल्ब पेटलेला असताना फ्यूजच्या पुढच्या बाजूला मल्टिमीटरने बॉडीच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं. मीटर ०.१, ०.२ व्होल्ट दाखवत असेल तर तो थेट शॉट. तीन-चार व्होल्ट दाखवत असेल तर कुणीतरी प्रामाणिकपणे करंट खातो आहे.

मग वाटणी सुरू होते. बल्ब पूर्ण पेटलेला आहे, तर यादीतला एकेक कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) सोडवत जायचं आणि डोळा बल्बावर ठेवायचा. ज्या क्षणी तो विझेल त्या फांदीवर शॉट आहे. सगळं सोडवूनही पेटलेलाच राहिला तर वस्तू निर्दोष आहेत, मधली वायर दोषी आहे. मग जुडग्यातला मधला कपलर शोधायचा आणि अर्धं अर्धं करत जायचं. डॅशबोर्डचा कपलर सोडवल्यावर विझला तर शॉट आत, नाही विझला तर बोनेटमध्ये. मग तिथल्या पुन्हा दोन वाटण्या. चार-पाच वेळा अशी वाटणी केली की हातभर वायर उरते.

नुसत्या मल्टिमीटरच्या 'पीं' आवाजावर मात्र विसंबू नका. बहुतेक मीटर वीस-तीस ओहमच्या आत काहीही लागलं की वाजतात. थंड असताना २१ वॅटच्या बल्बाचा रोध पेटलेल्या बल्बाच्या साधारण दहाव्या भागाइतकाच, एका ओहमच्या आत असतो. म्हणजे धडधाकट बल्बही वाजतो, चांगली कॉइलही वाजते आणि शॉटही वाजतो. आपला ०.८ चा आकडा आठवा. तो मोजायला गेलात तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. ओहममध्ये मोजायचंच असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून, सगळ्या वस्तू सोडवून मोजा. मग आकड्याला अर्थ राहतो.

कॉइलवर विनाकारण संशय

कॉइलबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझे पैसे तिथेच गेले. पॉइंटवाल्या (उघडमीट करून कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं असलेल्या) जुन्या गाडीत कॉइलचं प्रायमरी वेटोळं साधारण ३ ओहमचं असतं, आणि बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे कॉइलच्या वाटेत घातलेला वेगळा रोध, असलेल्या गाडीत दीड ओहमच्या आसपास. किल्ली ऑन आहे, इंजिन बंद आहे आणि पॉइंट नेमके मिटलेले आहेत, तेव्हाही ३ ओहमची कॉइल ४ अँपिअरच खाते. ती तापेल, फार वेळ तशी ठेवली तर खराब होईल, पण १५ चा फ्यूज उडवणार नाही. पॉइंटवरचा कंडेन्सर शॉट झाला तर ठिणगी बंद होईल, गाडी सुरू होणार नाही, पण फ्यूज तरीही उडणार नाही, कारण करंट कंडेन्सरपर्यंत कॉइलमधूनच येतो. कॉइल स्वतः आतून शॉट होऊन ०.८ च्या खाली आली तरच ती दोषी. हे दोन वायरी सोडवून मीटरने मिनिटभरात मोजता येतं. माझी जुनी कॉइल नंतर मोजली. २.९ ओहम. अगदी ठणठणीत.

कॉइलच्या आसपास खरोखर फ्यूज उडवणारी एक छोटी वस्तू असते. रेडिओची घरघर जावी म्हणून काही गाड्यांत कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकापासून बॉडीला एक कंडेन्सर जोडलेला असतो, अंगठ्याएवढी पत्र्याची डबी. तो आतून शॉट झाला तर पॉझिटिव्ह थेट बॉडीला मिळतो आणि फ्यूज तत्काळ जातो. त्याची वायर सोडवून पाहिली की खरं-खोटं कळतं. गाडी त्याच्याशिवायही चालते, फक्त रेडिओ कुरकुरतो.

नागपुरात वायरी कशाने मरतात

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपाचे नऊ दिवस तर पुसूच नका. अशा उन्हात उभ्या असलेल्या आणि मग चालवलेल्या गाडीच्या बोनेटमध्ये वायरींचं पीव्हीसी आवरण वर्षानुवर्षं भाजत राहतं. त्यातला मऊपणा टिकवणारा पदार्थ उडून जातो आणि वायर कडक होते. वाकवली की तडा जातो. वीस उन्हाळे काढलेली वायर नखाने दाबून पाहा, कुरकुरीत पापडासारखी लागते. कापडी टेपचा गोंद सुकून ती गळून पडते आणि जुडगं मोकळं होतं. मग पाऊस येतो. मागच्या दिव्याच्या रबराला भेग असेल तर होल्डरमध्ये पाणी साचतं, हिरवा गंज धरतो.

दुसरा शत्रू उंदीर. रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन बराच वेळ कोमट राहतं आणि त्यांना ऊबदार, अंधारी जागा मिळते. लेंड्या, कुरतडलेल्या स्लीव्हचे कण, एअर फिल्टरवर कापसाची चिंधी, यांपैकी काही दिसलं तर आधी बोनेटमधल्या वायरी बॅटरी घेऊन शोधा. इथे बॅटरी म्हणजे टॉर्च.

तिसरा शत्रू माणूसच. एलपीजी किट, स्टिरिओ, रिमोट लॉक, रिव्हर्स हॉर्न, फॉगलाइट या सगळ्यांना किल्लीवरचा करंट लागतो आणि तो घेतला जातो हाताला लागेल त्या वायरीला ब्लेडने सोलून, पीळ देऊन, वर टेप मारून. कारखान्यातून आलेल्या वायरिंगपेक्षा मी आधी हे जोड तपासतो. डेंटिंग-पेंटिंग झालेली गाडी असेल तर जुडग्यातून आरपार गेलेला स्क्रूही सापडू शकतो. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथला ग्रोमेट म्हणजे रबरी कडं, दाराची बिजागरी, डिकीची बिजागरी, सीटखालचा रूळ, डॅशबोर्डमागच्या पट्ट्यांच्या धारा या घासण्याच्या ठरलेल्या जागा आहेत. आणि गॅसकिटच्या गाडीत गॅसचा वास येत असेल तर किल्ली, बॅटरी, बल्ब कशालाही हात लावायचा नाही. गाडी मोकळ्या हवेत ठेवून आधी गळती थांबवायची.

लपंडाव खेळणारा शॉट

माझ्यासारखा, कधीतरीच होणारा शॉट असेल आणि वेळेचा धागाही हाती लागत नसेल, तर आणखी एक मार्ग आहे. त्या एका फ्यूजनंतरच्या फांद्या वेगळ्या करून प्रत्येकीला स्वतःचा छोटा फ्यूज लावायचा. वायरीत बसणारे फ्यूजहोल्डर स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. कॉइलला साडेसात, मीटरला ५, रिव्हर्सला ५. मग गाडी नेहमीसारखी वापरायची. ज्या दिवशी उडेल त्या दिवशी कोणता उडाला ते बघायचं. वेळखाऊ आहे, पण लपंडाव खेळणाऱ्या शॉटला याच्यासारखं दुसरं औषध मी पाहिलं नाही. शिवाय कॉइल वेगळ्या फ्यूजवर गेल्यामुळे रिव्हर्सच्या शॉटने भर चौकात इंजिन बंद पडत नाही.

आमच्यावर ती वेळ आली नाही. काकांनी कॉइलची वायर सोडवली, बल्ब लावला, किल्ली ऑन केली. मीटरच्या दिव्यांच्या करंटने बल्बाची तार जेमतेम लाल होती. मला म्हणाले, "आता इंजिन धरा अन् हलवा. जोरात." मी इंजिनाला दोन्ही हातांनी पुढे-मागे ढकललं. ते माझ्या कल्पनेपेक्षा बरंच हललं. तिसऱ्या हिसक्याला बल्ब लख्ख पेटला आणि विझला. पुन्हा हिसका, पुन्हा लख्ख.

मग काका गाडीखाली गेले. गिअरबॉक्सवर रिव्हर्स लाइटचा स्विच असतो, त्याला दोन वायरी येतात. त्यातल्या एकीला किल्ली ऑन असेपर्यंत सतत करंट असतो, रिव्हर्स टाकलेला असो वा नसो. या वायरींना धरून ठेवणारी क्लिप कधीच तुटून गेली होती. वायर एका लोखंडी ब्रॅकेटच्या धारेवर टेकली होती आणि बोटाच्या पेराएवढं आवरण झिजून तांबं उघडं पडलं होतं. टॉर्चच्या उजेडात ब्रॅकेटवर तीन-चार बारीक काळे ठिपके दिसले, त्यांच्या मधोमध मोहरीएवढा तांब्याचा थेंब चिकटलेला. मी उडवलेल्या फ्यूजांचे ते व्रण होते.

वायर आधीही तिथेच होती, मग आताच का? काकांनी टॉर्च इंजिन माउंटिंगवर नेली. रबर मधोमध फाटलेलं. क्लच सोडला की इंजिन त्या बाजूला कलत होतं आणि कलताना वायर ब्रॅकेटवर घासत होती. नुसती टेप मारून गाडी दिली असती तर दोन महिन्यांत ती टेपही झिजली असती.

खराब तुकडा कापून नवा सोल्डर केला, उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवली, वर कंगोऱ्यांची पाइप घातली. नवी क्लिप लावताना इंजिन हललं तरी ताण येऊ नये एवढी ढील ठेवली. माउंटिंगचं रबर दुसऱ्या दिवशी बदललं. नंतर बल्ब लावून पुन्हा इंजिन हलवलं, तार जेमतेम लाल झाली, त्यापेक्षा तसूभरही जास्त उजळली नाही. कॉइल जोडली आणि फ्यूजच्या जागी मीटर १० अँपिअरच्या खाचेवर लावून करंट मोजला. ५.६ आला. पॉइंट उघडे असताना मोजला असता तर ४ ने कमी आला असता, म्हणून पॉइंट मिटलेले असतानाच मोजायचा आणि लगेच किल्ली बंद करायची. सततचा भार फ्यूजच्या आकड्याच्या पाऊण पटीत असावा, १५ ला साधारण ११. आम्ही त्याच्या बरेच आत होतो.

शेवटी निळा १५ चा फ्यूज बसवला. काकांनी तो फ्यूजचे पाय लावलेला बल्ब पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मी दुसरा बनवून घेईन." तो आता डॅशबोर्डच्या खणात असतो, फ्यूजच्या डबीशेजारी.